स्मरणांत ठेवावें कीं दप्तरांत?

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर टोकावडें मागें पडलें कीं डोंगर जवळ येऊं लागतात, आणि रस्ता सोडून आंत वसलेल्या वाड्यापाड्यांत मोबाइलची रेंज पावसाळ्यांतल्या उन्हाप्रमाणें येते नि जाते. तिकडच्या एखाद्या रेशन दुकानांतील देखावा श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावा. डोंगराकडच्या पाड्यावरून चालत आलेली एक वृद्ध कातकरी बाई दुकानाच्या फळीपुढें उभी आहे. आंत तांदळाचीं पोतीं आहेत. रेशनकार्ड तिच्या हातांत आहे. दुकानदार तिला वर्षानुवर्षें ओळखतो. तिनें यंत्रावर बोट ठेविलें आहे. पण यंत्राच्या कांचेवरील चक्र फिरतच राहिलें आहे.

“मावशी, रेंज नाहीं. उद्यां या,” दुकानदार म्हणतो.

“उद्याचा रोज बुडंल त्याचं काय, शेठ?” एवढेंच ती विचारते.

तांदूळ समोर, माणूस समोर, ओळख पक्की. तिच्या नांवाची नोंद मात्र त्या दुकानांत नाहीं. ती दूर शहरांतील कोठल्याशा संगणकांत आहे, आणि तेथवर जाण्याचा मार्ग त्या घटकेला बंद आहे. पाहणाऱ्याच्या मनांत सहज येतें, गांवच्या दुकानाला जोडलेलीं कार्डें तीं किती? कांहीं शेंकडे. एवढी यादी त्या यंत्राकडूनच तोंडपाठ करवून घेतली असती तर काय बिघडलें असतें?

हा प्रश्न वाटतो तितका भोळा नाहीं. संगणकाचे कार्यक्रम रचणाऱ्या लोकांना तो पदोपदीं भेटतो. एखादी मोठी यादी असते. क्रमांक सांगावा आणि त्यासमोरची माहिती मिळावी, एवढेंच तिचें काम. ती यादी चालत्या यंत्राच्या स्मरणांत उचलून ठेवावी, कीं डेटाबेस या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या शिस्तबद्ध दप्तरांत ठेवून गरजेपुरतें पान काढावें? शहापूर आणि मुरबाड या ठाणें जिल्ह्यांतील दोन ग्रामीण तालुक्यांत या प्रश्नाशीं लोकांचें पोट आणि लोकांची जमीन बांधलेली आहे; म्हणून तो तेथेंच उभा राहून तपासणें बरें.

संगणकाजवळ माहिती ठेवण्याच्या मुख्यतः दोन जागा असतात. एक त्याचें कार्यकारी स्मरण. हें विजेवर जगतें. वीज आहे तोंवर त्यांतील प्रत्येक अक्षर हाताशीं असतें. वीज गेली कीं पाटी पुसल्याप्रमाणें सर्व नाहींसें होतें. दुसरी जागा म्हणजे तबकडी किंवा तत्सम स्थायी संग्रह. तेथें लिहिलेलें वीज गेल्यावरहि राहतें. मात्र तेथून काढून आणण्यास वेळ लागतो. डेटाबेसाचें बिऱ्हाड या दुसऱ्या जागेंत असतें.

हा वेळ किती, हें मानवी मापांत सांगितल्याखेरीज ध्यानांत येणार नाहीं. स्मरणांतील एक नोंद पाहण्यास सुमारें १०० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक कोटिवा भाग लागतो. तो काळ ताणून एक सेकंद केला अशी कल्पना करावी. त्याच मापानें आजच्या, फिरते भाग नसलेल्या, स्थायी संग्रहांतून नोंद आणण्यास सतरा मिनिटें लागतील. जुन्या फिरत्या तबकडीवरून आणण्यास एक दिवस नि चार तास. आणि दूरच्या संगणकाला विचारून उत्तर परत येण्यास, मार्ग बरा असला तरी, साडेअकरा दिवस.

असा हिशेब ऐकल्यावर स्मरणाचा पक्ष घ्यावासा वाटतो. परंतु तो साडेअकरा दिवसांचा प्रवास खऱ्या घड्याळावर सेकंदाचा दहावा भाग आहे. फळीपुढें उभ्या असलेल्या बाईला तो जाणवणारहि नाहीं. एकाच कामांत लाखों वेळां यादी पाहावी लागते तेथें मात्र वेगाची किंमत कळते. साऱ्या जिल्ह्याचा मासिक हिशेब जुळवतांना दर नोंदीस दूरचा एक खेटा घातला, तर दहा लाख नोंदींना अठ्ठावीस तास लागतील. यादी स्मरणांत असेल तर तेवढेंच पाहणें सेकंदाच्या आंत उरकेल. म्हणून किती जलद हें विचारण्यापूर्वीं किती वेळां हें विचारावें.

दुसरा समज आकाराविषयींचा. यादी मोठी आहे, ती स्मरणांत मावणार नाहीं, असें पुष्कळदां हिशेब न करतांच म्हटलें जातें. तो हिशेब एकदां मांडून पाहण्यासारखा आहे. २०११ च्या शिरगणतींत शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांची मिळून लोकसंख्या ५ लाखांच्या घरांत होती. प्रत्येक माणसाचें नांव, गांव, कार्डाचा क्रमांक नि प्रकार मिळून शंभर चिन्हें धरावीं. देवनागरींतील एक चिन्ह आजच्या प्रचलित संकेतपद्धतींत तीन बाइटांची जागा घेतें; म्हणजे माणशीं ३०० बाइट, आणि दोन तालुक्यांचे १५ कोटि. जलद शोधासाठीं लागणारी मांडणी धरून त्याची तिप्पट केली तरी ४५ कोटि. साध्या मोबाइल फोनचें कार्यकारी स्मरण आज ४०० कोटि बाइटांचें असतें. म्हणजे भातसा धरणाच्या भिंतीपासून सिद्धगडाच्या पायथ्यापर्यंत राहणारें प्रत्येक माणूस खिशांतल्या फोनच्या नवव्या हिश्श्यांत मावतें! दुकानांतील यंत्र फोनहून अशक्त असलें तरी त्याला दोन तालुके नकोत. एका गांवचीं कार्डें पुरेत. साऱ्या महाराष्ट्राची, ११ कोटि २४ लाख माणसांची, यादी याच हिशेबानें १० हजार कोटि बाइटांवर जाते आणि फोनांत मावत नाहीं; पण मोठ्या संगणकांत तीहि मावते.

यांत एक गोष्ट मात्र विसरूं नये. स्मरणांतली यादी यंत्र सुरू झाल्यावर प्रत्येक वेळीं नव्यानें भरावी लागते, आणि तोच कार्यक्रम दहा जणांसाठीं दहा वेळां स्वतंत्रपणें चालत असला तर यादीहि दहा वेळां जागा अडविते. ज्याला दिवसांतून एकच नोंद पाहावयाची आहे त्यानें त्यासाठीं सारी यादी उचलून बसणें म्हणजे एका पेल्याकरितां विहीर उपसण्यासारखें आहे.

शिवाय, मावली म्हणजे सांपडली असें नव्हे. ५ लाख नांवें आलीं तशीं लिहिलीं, तर एका नांवासाठीं सरासरीनें अडीच लाख ओळी वाचाव्या लागतील. तींच क्रमवार लावलीं तर जास्तींत जास्त १९ पायऱ्यांत हवें तें नांव मिळतें: मधलें पान उघडावें, अर्धी यादी सोडून द्यावी, उरलेल्या अर्ध्या यादीचें मधलें पान उघडावें. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी कोशांतील सुमारें ६०,००० शब्दांतून एक शब्द या रीतीनें सोळा पायऱ्यांत गांठतां येतो. स्मरणांत याहूनहि आंखूड वाट असते. कार्डाच्या क्रमांकावर ठराविक गणित करून त्याचा खण आधींच ठरवितात, आणि टपालकचेरींतल्या कप्प्याप्रमाणें थेट त्या खणांत हात घालतात. डेटाबेस वृक्षाकार सूची ठेवतो. ही युक्ति रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांनीं १९७० च्या सुमारास बोइंग कंपनींत असतांना रचली. तिच्या एका पानावर शंभर दिशादर्शक पाट्या धरल्या, तर दहा लाख नोंदींतील हवी ती नोंद तीन पानें उलटतांच मिळते. आणि वारंवार लागणारीं वरचीं पानें डेटाबेस स्वतःच स्मरणांत धरून ठेवतो. म्हणजे ज्याला दप्तर म्हटलें त्याच्याहि पदरीं थोडें स्मरण असतेंच.

वेगांत स्मरण सरस, जागेची अडचण बहुधा काल्पनिक. मग दप्तर हवें कशाला?

पहिलें कारण पावसाळ्यांत आपोआप कळतें. मृगाचा वारा सुटला, एखादें झाड तारेवर आलें, कीं गांवची वीज जाते. यादी केवळ स्मरणांत असली तर सकाळपासून कोणी किती धान्य नेलें तें क्षणांत पुसलें जाईल. दप्तर या संकटाला जुन्या पेढीच्या रीतीनें तोंड देतें. पेढीवर व्यवहार झाला कीं तो प्रथम रोजकीर्दींत चढे, आणि मग सवडीनें खतावणींत ज्याच्या त्याच्या खात्यावर जाई. दिवा मालवला, कारकून उठून गेला, तरी दुसऱ्या दिवशीं कीर्दीवरून खतावणी पुरी करतां येई. डेटाबेसहि बदल आधीं आपल्या कीर्दींत नोंदवितो, ती नोंद स्थायी संग्रहांत उतरल्याची खात्री करितो, आणि मगच ‘झालें’ असें म्हणतो. मध्येंच वीज गेली तर पुन्हां सुरू होतांना तो कीर्द वाचतो. अपुरें काम एक तर पुरें करितो, नाहीं तर समूळ रद्द करितो. अर्धवट कांहीं ठेवीत नाहीं.

दुसरें कारण असें कीं, एका नोंदीवर अनेकांचे हात पडतात. या दोन तालुक्यांतील पुष्कळ कातकरी कुटुंबें दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडीं पाड्यावर परततात. पूर्वीं कार्ड गांवच्या दुकानाला बांधलेलें आणि माणसें भट्टीवर, अशी त्यांची कुचंबणा होई. २०१९ पासून ‘एक देश, एक रेशनकार्ड’ ही योजना टप्प्याटप्प्यानें लागू झाली, आणि एका ठिकाणचें कार्ड दुसऱ्या ठिकाणच्या दुकानीं चालूं लागलें. ही सोय एका सामाईक दप्तराखेरीज होऊंच शकली नसती. कुटुंबानें भिवंडीस धान्य घेतलें हें गांवच्या यंत्राच्या स्मरणाला कळावें कसें? त्याच्या यादींत तें कार्ड महिनाभर कोरेंच राहणार. एका यादीच्या शंभर प्रती शंभर गांवीं झाल्या, कीं प्रत्येक प्रत आपल्यापुरती खरें सांगते आणि सर्व मिळून एकमेकींना खोटें पाडतात.

तिसरें कारण प्रश्नांचें. क्रमांकाच्या खणांत बसविलेली यादी क्रमांकाला तत्काळ उत्तर देते; पण गेले तीन महिने ज्यांनीं धान्यच उचललें नाहीं अशीं घरें कोणतीं, असें विचारलें कीं ती मुकी होते. मग प्रत्येक खण उघडून पाहावा लागतो. आयबीएम कंपनींतील संशोधक एडगर कॉड यांनीं १९७० मध्यें कोष्टकांच्या डेटाबेसाची जी कल्पना मांडली तिचें मर्म हेंच कीं, उद्यां कोण काय विचारील हें आज ठाऊक नसतांहि उत्तर देतां यावें. ज्या घरची चूल थंडावली तें घर शोधून काढावयाचें तर असाच प्रश्न विचारावा लागतो.

इतकें ऐकून सर्व कांहीं दप्तरांतच ठेवावें असें वाटेल. तेंहि चुकीचें होईल. मुरबाड तालुक्याच्या सीमेवर, जुन्नरकडे चढणाऱ्या वाटेला नाणेघाट आहे. तेथील लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांच्या वेळीं दान दिलेल्या गाईंचे, घोड्यांचे नि कार्षापणांचे आंकडे त्यांत खोदले असून भारतांतील अत्यंत जुन्या अंकलेखनांत त्यांची गणना होते. जवळच घाटाच्या तोंडाशीं एक दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांची जकात त्यांत पडे, असें परंपरा सांगते. दानाचा आंकडा पुन्हां बदलावयाचा नव्हता, तो खडकांत कोरून मोकळें होतां आलें. जकात रोज वाढे आणि रोज मोजावी लागे. तिला रांजणच हवा.

रेशनच्या माहितींतहि असे प्रकार निवडतां येतात. अंत्योदय कुटुंबास महिना ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबास माणशीं ५ किलो, हें प्रमाण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें ठरलें आहे. तें रोज बदलत नाहीं. गांवांचीं नांवें नि दुकानांचे क्रमांक बदलत नाहींत. कार्ड कोणाचें आणि त्यांत माणसें किती, हें क्वचित् बदलतें. लग्न होतें, मूल जन्मतें, म्हातारें माणूस जातें. पण या महिन्याचें धान्य उचललें कीं नाहीं, हें कोणत्याहि घटकेस बदलतें. पहिल्या प्रकारासाठीं दूरच्या संगणकास प्रत्येक वेळीं विचारणें म्हणजे पाढा विचारण्यास रोज मास्तरांच्या घरीं जाण्यासारखें आहे. तो खुशाल स्मरणांत असावा. शेवटच्या प्रकारासाठीं स्मरणावर विसंबणें धोक्याचें. तो सामाईक दप्तराचाच विषय होय.

राहिला मधला प्रकार. त्यासाठीं यंत्राच्याच पोटांत एक लहानसें दप्तर ठेवतां येतें. रिचर्ड हिप यांनीं २००० मध्यें प्रसिद्ध केलेला ‘एसक्यूलाइट’ हा डेटाबेस या कामासाठीं जगभर वापरला जातो. त्याला वेगळा संगणक लागत नाहीं, जाळें लागत नाहीं. सारें दप्तर एका फाइलींत असतें, आणि आजच्या बहुतेक मोबाइल फोनांत तो धन्याच्या नकळत काम करीत असतो. गांवचीं कार्डें अशा दप्तरांत ठेवावीं, रेंज असेल तेव्हां तीं ताजीं करून घ्यावीं, आणि प्रत्येक नोंदीवर ती कोणत्या दिवसाची आहे हें लिहावें. तारखेचें हें कलम गाळतां कामा नये. शिळ्या नोंदीचा खरा धोका ती ताजी समजून वाचण्यांत आहे.

बोटाच्या ठशाची गोष्ट मात्र निराळी. ठसे आधारच्या मध्यवर्ती संग्रहाशींच ताडले जातात. दुकानाच्या यंत्रांत ते सांठवून ठेवण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. हरवलेलें यंत्र बदलतां येतें, चोरीस गेलेला ठसा बदलतां येत नाहीं. म्हणून रेंज नसतांना दुकानदाराच्या हातीं उरतें तें कार्ड, जवळची जुनी नोंद, आणि वर्षानुवर्षांची तोंडओळख.

येथें प्रश्न यंत्राच्या हातून निसटून माणसांच्या हातीं येतो. जाळें बंद आहे. जवळची प्रत आठ दिवसांपूर्वींची आहे. त्या प्रतींत बाईचें धान्य बाकी दिसतें. द्यावें कीं देऊं नये? दिलें, आणि तिच्या मुलानें तें भट्टीजवळच्या दुकानांतून आधींच उचललें असलें, तर सरकारचे कांहीं किलो तांदूळ दोनदां गेले. ते पुढच्या महिन्यांत वळते करून घेतां येतील. दिलें नाहीं, आणि धान्य खरोखरच बाकी असलें, तर तिची पायपीट फुकट गेली, उद्यांचा रोज बुडाला आणि आजची रात्र कशी काढावी हा प्रश्न तसाच राहिला. याची वळती कोणत्याहि खतावणींत होत नाहीं. दोन्ही चुकाच, पण दोहोंची किंमत सारखी नाहीं. २०१७ च्या ऑक्टोबरांत केंद्र सरकारनें राज्यांस सूचना दिली ती याच जाणिवेनें: जाळें, जोडणी किंवा ठसा यांच्या अडचणीमुळें पात्र माणसास धान्य नाकारूं नये, कागदपत्र पाहून तें द्यावें, आणि अशा अपवादांची वेगळी वही ठेवावी. ती वही म्हणजे पेढीची कीर्दच होय. आधीं नोंदावें, धान्य द्यावें, आणि मार्ग मोकळा झाला कीं मुख्य दप्तराशीं जुळवावें. यंत्रालाहि हीच रीत शिकवितां येते.

पण हीच उदारता जमिनीच्या दप्तरांत घातक ठरेल. शहापूर तालुक्यांतून मुंबई-नाशिक रस्ता जातो, समृद्धि महामार्गहि जातो. मुरबाडच्या जमिनींकडे कल्याणचे डोळे लागलेले असतात. तेथें सातबाराच्या एका ओळीची किंमत लाखोंवर जाते. गांव नमुना ७ आणि गांव नमुना १२ यांचा जोड तो सातबारा. खरेदी झाली, वारस लागले, कीं बदल आधीं नमुना ६ च्या फेरफार वहींत चढतो. संबंधितांना नोटीस जाते. हरकतीसाठीं पंधरा दिवस ठेवतात. फेरफार प्रमाणित झाल्यावरच तो सातबारावर उतरतो. म्हणजे या दप्तराला मुद्दाम संथ केलें आहे. कोणी दोन वर्षांपूर्वींचा उतारा दाखवून जमीन विकूं लागला, आणि घेणाऱ्यानें ताजा उतारा न पाहतां पैसे मोजले, तर एकाची जन्माची शिल्लक जाते. मधल्या काळांत जिचें नांव वारस म्हणून लागलें त्या बहिणीलाहि आपल्या वांट्यासाठीं कोर्टाची पायरी चढावी लागते. येथें रेंज नसेल तर खुशाल उद्यां यावें. एक दिवस थांबल्यानें शेत कोठें पळून जात नाहीं.

तांदूळ आणि जमीन, दोहोंची यादी दिसण्यांत सारखीच: डावीकडे क्रमांक, उजवीकडे नांव. आकार सारखा, शोधण्याची रीत सारखी. तरीहि एकीला जवळच्या प्रतीवरून उत्तर द्यावें, आणि दुसरीला मूळ दप्तराची वाट पाहावी, हें तंत्रज्ञानाच्या पुस्तकांत सांपडणार नाहीं. चूक झाली तर ती कोणाच्या माथीं बसेल, आणि त्याला ती सोसेल काय, हें पाहिल्यावांचून यादी कोठें ठेवावी याचें उत्तर पुरें होत नाहीं.

माणसाच्या स्मरणाला मात्र यांत कमी लेखण्याचें कारण नाहीं. २००६ च्या वन हक्क कायद्यानें, १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासींचे हक्क मान्य केले. परंतु ज्यांच्या आजापणजांनीं कागद पाहिला नाहीं त्यांनीं पुरावा आणावा कोठून? कायद्याच्या २००८ च्या नियमांनीं पुराव्यांच्या यादींत एक कलम घातलें: दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्या माणसांचें कथन, लेखी उतरवून घेतलेलें. कोणत्या मोहाच्या झाडापर्यंत कोणाच्या बापाची नाचणी होती, हें पाड्यावरचा म्हातारा विचारतांक्षणीं सांगतो. कोणत्याहि यंत्राहून ही शोधयादी जलद आहे. पण तीहि श्वासावर जगते. म्हणून नियमानें तिला प्रमाण मानिलें, आणि त्याबरोबरच ती कागदावर उतरविण्याची अट घातली.

मुंबईंतील ज्या घरांत भातसा नि तानसा यांचें पाणी शहापूरहून नळानें येतें, त्या घरांनाहि हा विचार परका नाहीं. एके काळीं घरांतल्या प्रत्येकाला दहा-बारा टेलिफोन क्रमांक तोंडपाठ असत. आज ते सर्व फोनच्या दप्तरांत आहेत, आणि फोन बंद पडला तर घरच्यांचाहि क्रमांक आठवत नाहीं. शेंकडों क्रमांक पाठ करणें वेडेपणाचें होईल. ते बदलतात, त्यांना दप्तरच बरें. पण घरचे दोन क्रमांक, रोज घ्यावयाच्या औषधाचें नांव, आपला रक्तगट, ह्या गोष्टी थोड्या आहेत, सहसा बदलत नाहींत, आणि अडचणीच्या वेळीं त्या न आठवल्यास होणारी हानि मोठी आहे. त्या जिभेवर असाव्या आणि खिशांतल्या चिठ्ठीवरहि असाव्या.

मुरबाडच्या त्या दुकानांत यंत्र आहे, आणि फळीखालीं एक वहीहि आहे. रेंज संध्याकाळीं येईल किंवा उद्यां येईल. मावशीला आज रित्या पिशवीनें परत पाठवावयाचें कीं नाहीं, हें आतां त्या वहींत एक ओळ लिहिण्याची मुभा आपल्याला आहे हें दुकानदाराला कोणी सांगितलें आहे कीं नाहीं, यावर अवलंबून आहे.